ग्रंथातला लमाणी

राठोड हे आडनाव मोठं सोयीचं आहे. ते राजपुतांत असतं आणि लमाण्यांतही असतं. माझा बाप, रामनाथ राठोड, पुसदकडच्या तांड्यावरून बोईसरला आला, तेव्हा एमआयडीसीच्या गेटवर ठेकेदारानं त्याला विचारलं, "राठोड म्हणजे राजपूत का रे?" आदल्याच दिवशी त्याच गेटवर कुणीतरी तांब्याची तार चोरल्यावरून "लमाणी आलेत, सामान सांभाळा" असं चाललेलं बापूनं ऐकलं होतं. तो म्हणाला, "हो." तेव्हापासून आम्ही राजपूत.

तांड्यावरची म्हातारी माणसंही सांगतात की आपण मूळचे राजपूत, त्यामुळे खोटं बोलल्याचं पाप काही लागणार नाही, असा बापूचा हिशेब होता. पाप लागलं नाही, पण कायमचं दार लावून जगणं आलं. बाहेर मी त्याला पप्पा म्हणायचे, घरात बापू. आई बाहेर मम्मी, घरात याडी. आमची गोरबोली चाळीत ऐकू जाऊ नये म्हणून टीव्हीचा आवाज मोठा ठेवायचा. याडीचा आरशांचा घागरा आणि दंडापर्यंतच्या चुड्या ट्रंकेत गेल्या. हातावरचं गोंदण दिसू नये म्हणून ती मे महिन्यातही मनगटापर्यंत बाह्यांचं ब्लाउज घालायची. मला लहानपणी वाटायचं सगळ्यांच्याच घरी असं असतं.

बापू एका केमिकल कारखान्याच्या रंगखात्यात होता. कारखान्याचं नाव सांगून उपयोग नाही, तसे तिथे पुष्कळ आहेत. रंगखात्यातला माणूस घरी आला की आधी मोरीत जातो. पाणी आज लाल, उद्या पिवळं. घाम रंगीत, थुंकी रंगीत, उशीचा अभ्रा रंगीत. त्यामुळे लघवी लाल व्हायला लागली तेव्हा बापूला वाटलं, रंगच असेल. किती महिने त्याला रंगच वाटत राहिला. मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात डॉक्टरांनी विचारलं, काम काय करता? बापूनं सांगितलं आणि डॉक्टर नुसते मान हलवून लिहीत राहिले. ती मान बघूनच मी काय ते समजले. मी स्वतः एमआयडीसीतल्या दुसऱ्या एका कंपनीच्या लॅबमध्ये काम करते. कोणत्या रंगातून कोणता आजार होतो, हे आम्हाला पुस्तकात होतं.

मूत्राशयाचा कॅन्सर. ऑपरेशन झालं, मग पसरला, मग डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं.

पालघरच्या दवाखान्यात बापूचं ड्रेसिंग करायला वैभवी नावाची नर्स होती. हात हलका, बोलणं कमी. सुट्टीच्या दिवशी ती नवऱ्याला घेऊन आमच्या घरी येऊ लागली. येताना तांदळाची पेज आणायची, कारण बापूला तेवढीच पचायची. नवरा केदार केळव्याचा, घरची सुपारीची वाडी. काही वर्षं अमेरिकेत नोकरी करून परत आलेला, आणि येताना तिकडचा धर्म घेऊन आलेला. इस्त्री मोडणार नाही अशा बेतानं बसायचा. याडीनं पहिल्या दिवशी चहा ठेवला तर दोघांनीही हात जोडले. आम्ही चहा पीत नाही. कॉफी? कॉफीही नाही. बोईसरमध्ये चहा नाकारणारा पाहुणा म्हणजे एकतर रागावलेला असतो नाहीतर जात बघणारा. याडीचा चेहरा पडला. मग त्यांनी समजावून सांगितलं की त्यांच्या धर्मात चालत नाही, तेव्हा तिला बरं वाटलं.

मी फोनवर शोधून ठेवलं होतं. म्हटलं, "म्हणजे तुम्ही मॉर्मन ना?"

"आता आम्ही तो शब्द वापरत नाही," केदार नम्रपणे म्हणाला. "वरून सांगितलंय, पूर्ण नाव घ्या. येशू ख्रिस्ताची अंतिम दिवसांतील संतांची मंडळी."

"एवढं बोलेपर्यंत पेज गार व्हायची," याडी म्हणाली, आणि बापू हसला. तो हसला म्हणून मला ती माणसं आवडली. मला त्यांच्या धर्माशी काही देणंघेणं नव्हतं. तेही कुणाला या म्हणून ओढत नव्हते. रविवारी त्यांच्या घरी दहाबारा माणसं जमायची, आणि केदार त्यांच्या ग्रंथातल्या गोष्टी बोईसरच्या माणसाला समजतील अशा मराठीत लिहून, छापून कागद वाटायचा. बापूला पडल्यापडल्या वाचायला काहीतरी हवं होतं. पेजेबरोबर कागदही येऊ लागले.

एका सकाळी मी कामावर निघाले होते. बापूनं हाक मारली. कागदावर एका जागी बोट ठेवलेलं.

"नंदू, हे काय लिहिलंय बघ."

मी राजनंदिनी. हेही नाव राजपुती दिसावं म्हणूनच ठेवलेलं. मी वाचलं. गोष्ट अशी होती की फार पूर्वी एक कुटुंब देवाच्या सांगण्यावरून घरदार सोडून निघालं, रानोमाळ भटकलं आणि जहाजात बसून समुद्रापार अमेरिकेत गेलं. भावाभावांत बिनसलं. थोरल्या भावाचं नाव लामान. त्यानं देवाचं ऐकलं नाही, म्हणून त्याच्या वंशाला शाप मिळाला आणि त्यांची कातडी काळी झाली. ते रानात राहू लागले, शिकार करू लागले, आपण कोण हेच विसरून गेले. पण देवानं वचन दिलं आहे की शेवटच्या काळात हे लोक आपली ओळख पुन्हा मिळवतील आणि फुलासारखे फुलतील. आणि या लामानच्या वंशाला केदारच्या कागदावर नाव होतं : लमाणी. एकदा नाही, पानभर. लमाणी लोक असे, लमाणी लोक तसे, लमाण्यांना दिलेलं वचन.

माझं डोकंच फिरलं. काळी कातडी म्हणजे शाप, असं म्हणणारा देव कसला? मी तसं बोलले. म्हटलं, बापू, ही अमेरिकेतली गोष्ट आहे, यांच्या लमाणीचा आपल्याशी काय संबंध?

बापूनं ऐकलंच नाही. तो वेगळ्याच ठिकाणी पोचला होता.

"काळी झाली, म्हणजे आधी गोरी होती," तो म्हणाला. "आपण आपल्या बोलीत आपल्याला काय म्हणतो?"

"गोर."

"मग?"

गोरबोलीतल्या 'गोर'चा गोऱ्या कातडीशी काही संबंध नाही. निदान मला शिकवलेल्यात तरी नव्हता. पण बापूचं सगळं गणित धडाधड सुटत चाललं होतं. आपले लोक बैलांवर मीठ लादून देशभर फिरायचे, लवण वाहणारे म्हणून लमाण. मीठ कुठून यायचं? समुद्रावरून. समुद्राशी आपला काय संबंध होता, हे कुणी विचारलं का? त्याच्या आजोबाला इंग्रजांच्या काळात रोज चौकीवर जाऊन हजेरी द्यावी लागायची, कारण सरकारनं आख्खी जमातच गुन्हेगार ठरवली होती. मग स्वातंत्र्य आलं आणि सरकार म्हणालं, आता तुम्ही विमुक्त. मग म्हणालं भटके. प्रत्येक वेळी नाव वरून आलं. आणि आता ह्या कागदात लिहिलं होतं की ही सगळी एका थोरल्या भावाची चूक, हजारो वर्षांपूर्वीची, आणि ती फिटत आली आहे.

"आपली चूक नव्हती, नंदू," तो म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. मी त्याला रडताना पाहिलं नव्हतं, कॅन्सर कळला तेव्हासुद्धा नाही. मी बस पकडायला गेले.

पुढच्या वेळी केदार आला तेव्हा बापूनं त्याला विचारलं, "हे लमाणी म्हणजे कोण हो?" स्वतःचं सांगितलं नाही, सवयीनं. केदार म्हणाला, "हरवलेले लोक, काका. फार मोठं वचन आहे त्यांना." केळव्याच्या माणसाला लमाणी कुठून माहीत असणार? तिथे वाडवळ, भंडारी, मांगेले, पलीकडे वारली. त्याच्या लेखी तो शब्द ग्रंथातलाच. बापूनं मान डोलावली. दोघंही खरं बोलत होते आणि दोघंही वेगवेगळ्या माणसांबद्दल बोलत होते.

त्यानंतर बापू बदलला. टीव्ही बंद करायला सांगितला. तांड्यावर धाकट्या भावाला फोन लावून मोठ्यानं, खणखणीत गोरबोलीत बोलला. याडी घाबरून दार लावायला गेली तर म्हणाला, राहू दे उघडं. वेदना होत्याच, गोळ्या होत्याच, पण माणूस अंगातलं जड काहीतरी उतरवून बसल्यासारखा दिसायचा. याडी आधी धास्तावली, मग तिनं ट्रंक उघडून चुड्या पुसून ठेवल्या. घातल्या नाहीत, नुसत्या पुसल्या. मला बरंही वाटत होतं आणि भीतीही वाटत होती, कारण त्या महिन्यात माझं लग्न ठरत होतं.

विक्रम गिरासे माझ्याच कंपनीत होता. शिरपूरकडचे राजपूत. दोन वर्षं आम्ही एकाच लॅबमध्ये समोरासमोर काम करत होतो आणि आमचं आमच्यात ठरलेलं होतं. बापू असेपर्यंत लग्न व्हावं ही माझ्यापेक्षा बापूचीच घाई. विक्रमचे आईवडील आणि प्रतापकाका तारीख पक्की करायला शिरपूरहून आले. आमची घरमालकीण माई, इथल्या जुन्या बागायतदार घरातली, तिनं आपल्या घरातल्या खुर्च्या आणून मांडल्या आणि पाहुणे बघायला दाराशी उभी राहिली.

बापूला उशांना टेकवून बसवलं होतं. नवा सदरा त्याच्या अंगावर लोंबत होता. प्रतापकाका बोलायला मोकळे होते. हवापाणी झालं, बोईसरच्या धुराला नावं ठेवून झाली. मग ते म्हणाले, "राठोड म्हणजे मूळ मारवाडचे. तुमची कुळी कोणती म्हणायची?"

याचं उत्तर आमच्याकडे तयार होतं. बापूनं ते कितीतरी वेळा दिलेलं होतं. मी पोह्यांची ताटली घेऊन उभी होते.

"आम्ही लमाणी," बापू म्हणाला.

प्रतापकाका हसले, त्यांना वाटलं गंमत आहे.

"राजपूत नाही. पुसदचे लमाणी. तीस वर्षं लपवलं, आता लपवत नाही. आमचं नाव ग्रंथात आहे." आणि त्यानं उशीखालून तो कागद काढून विक्रमच्या वडिलांसमोर धरला. "वाचा. लाजायचं काही नाही त्यात."

वडिलांनी कागद घेतला, वाचल्यासारखं केलं, घडी घालून परत दिला. पोहे खाल्ले, हे मला अजून आठवतं. चांगली माणसं, ताटात टाकून उठली नाहीत. तारखेचं नंतर कळवतो म्हणाले. विक्रमनं संध्याकाळी मेसेज केला, घरी फार तापलंय, थोडे दिवस जाऊ दे. मी बापूशी बोलले नाही. पेज भरवायचे, कूस बदलायचे, पण बोलत नव्हते. माझ्या लग्नापुरतं तरी थांबायचं होतं त्यानं. मला राग येत होता आणि मरणाऱ्या माणसावर राग धरल्याची लाजही वाटत होती.

माई दुसऱ्या दिवशी खुर्च्या न्यायला आली. "आमाला तर तुमी रजपूत सांगितलेला," ती याडीला म्हणाली. "आता लमानी सांगता. आमाला काय, मानसा चांगली हाय तुमी. पन आदी सांगायला नको?" तिसऱ्या दिवशी मागच्या पडवीला कुलूप लागलं. आम्ही तिथे कपडे वाळत घालायचो.

त्यानंतरच्या आठवड्यात केदार एकटाच आला. पेज नव्हती. मी गॅलरीत होते, मला बघून तो तिथेच थांबला. वैभवीला माईकडून सगळं कळलं होतं. केदारचा चेहरा पार उतरलेला.

"माझी चूक झाली आहे," तो म्हणाला. "फार मोठी."

त्यांच्या मुंबईच्या मंडळीतली किंजल नावाची बाई आली होती. तिनं ते कागद वाचून विचारलं, "लमाणी समाजाबद्दल हे काय छापलंयत तुम्ही? शापबिप? कुणी पोलिसांत गेलं तर?" तेव्हा केदारला पहिल्यांदा कळलं की लमाणी नावाची माणसं खरोखर आहेत.

मूळ शब्द लमाणी नव्हताच. लामानचे वंशज, म्हणून त्यानं मराठीत लामानी करायचं ठरवलं होतं. "पण लिहिताना मला शंका आली. आमच्याकडे ण कुणी बोलत नाही. पानी, लोनी, मानूस. पालघरच्या शाळेत मला त्यावरून इतके चिडवायचे की अजून जिथं शंका येते तिथं मी ण लिहितो. लामाणी लिहिलं. फोननं ते लमाणी करून दिलं. मला वाटलं, हेच शुद्ध असणार."

मी हसले. रडण्याऐवजी हसू आलं. माझ्या बापानं एका ण वर आख्खा जन्म उघडा केला होता.

"एवढंच नाही," तो म्हणाला. त्याला सगळंच सांगून टाकायचं होतं. "तो शब्दही आता तसा राहिलेला नाही. पूर्वी आमची माणसं अमेरिकेतल्या सगळ्या मूळ रहिवाशांना सरसकट तेच म्हणायची. भाषणांत, शाळांत, सगळीकडे, आणि कौतुकानं म्हणायची. त्यांच्यातल्या कित्येकांनी ते नाव अभिमानानं लावलं. मग हळूहळू कमी झालं. ग्रंथाच्या सुरुवातीला लिहिलेलं असायचं की लामानी हेच त्या लोकांचे मुख्य पूर्वज. तिथे पुढे बदल झाला, आता पूर्वजांपैकी एक. एका ठिकाणी ते लोक पुन्हा गोरे होतील असं होतं, तिथे शुद्ध होतील असं आलं. आता सांगतात, कुणालाही त्या नावानं हाक मारू नका, ज्याची जी जमात तेच नाव घ्या."

"मग ज्यांनी लावलं होतं अभिमानानं, त्यांनी काय करायचं?"

"काही अजून लावतात," तो म्हणाला. "काहींना आता त्याचा रागही येतो."

मी त्याला म्हटलं, हे बापूला सांगायचं नाही. थोडे दिवस उरलेत त्याचे. लग्न मोडायचं ते मोडलं, माईचं कुलूप लागायचं ते लागलं, सगळी किंमत देऊन झाली आहे, आता जे मिळालं ते तरी त्याच्याकडे राहू दे.

"मरणाऱ्या माणसाला मी खोट्यात कसा ठेवू?" केदारचे डोळे पाण्यानं भरले होते. "वर गेल्यावर त्यांना कळणारच."

"वर गेल्यावर कळू दे की! तिथे त्याला लग्नाची पोरगी नाही!"

मी जोरात बोलले असणार. आतून बापूची हाक आली. "कोण, केदारभाऊ? या की आत. बाहेर का उभे?"

केदार माझ्याकडे न बघता आत गेला. पलंगाशी खाली बसला, इस्त्रीची पर्वा न करता. आणि त्यानं सांगितलं. चांगलं सांगितलं, हात धरून सांगितलं, माफी मागितली. याडी भिंतीला टेकून ऐकत होती. बापूनं मध्ये एकदाही तोडलं नाही. झाल्यावर त्यानं विचारलं,

"म्हणजे ण नाही?"

"नाही, काका. न. आणि आधी ला."

"मग ते लोक कोण?"

"अमेरिकेतले मूळचे लोक. असं पूर्वी म्हणायचे. आता तसं नक्की म्हणत नाहीत."

"मग आता नक्की कोण?"

"आता नक्की असं कुणी नाही," तो म्हणाला.

बापूनं डोळे मिटले. मला वाटलं रडेल, किंवा त्या कागदाचे तुकडे करील. कागद त्यानं केदारला परत देऊन टाकला. पाहुण्याची विसरलेली वस्तू द्यावी तसा. मग माझ्याकडे वळला. त्या खोलीत इतका घाबरलेला माणूस मी पाहिलेला नाही. मरणाला तो इतका भ्याला नव्हता.

"नंदू, विक्रमला फोन लाव."

"कशाला बापू?"

"लाव. मला ऐकू येईल असा लाव. सांग, पप्पांना तापात सुचत नव्हतं. काहीही बरळले. आपण राजपूत. सांग."

"बापू, नको."

"पोरी, मी काहीतरी वाचून तुझं घर मोडलं," तो म्हणाला. "लाव फोन."

मी लावला. स्पीकरवर ठेवला. केदार अजून जमिनीवरच बसला होता. विक्रमनं लगेच उचलला, जणू हातातच होता. मी बापूनं सांगितलं तसं बोलले. पप्पांना ताप होता. भ्रमात बोलले. आम्ही राजपूत. माझा आवाज मला माझा वाटला नाही.

विक्रम म्हणाला, "अगं, मला माहीत होतं. पहिल्यापासून. घरीही माहीत होतं. प्रतापकाकांनी पुसदला कधीच चौकशी केली होती."

मी स्पीकर बंद करायला गेले, बापूनं हात धरला.

"कुणाचं काही म्हणणं नव्हतं," तो सांगत राहिला. वाईट नव्हता तो, खरंच समजावत होता. "लोकांना राजपूत म्हणून सांगितलं असतं, झालं. काका कुळी विचारत होते ना, ते तुझ्या पप्पांना बोलायला जागाच करून देत होते. पण त्यांनी तोंडावर सांगून टाकलं. आता काकांनी ऐकलंच नाही असं कसं करायचं? अजून जमेल, नंदिनी. भ्रमात होते म्हणू. मी आईला तयार करतो. फक्त आता पप्पांनी बोलायचं नाही. कुणाशीच नाही. आणि तांड्यावरचं कुणी—"

"नाही बोलणार," बापू म्हणाला.

फोनमधून विक्रम दचकला. "काका? तुम्ही ऐकताय?"

"नाही बोलणार, जावईबापू. शब्द देतो." आणि त्यानं फोनच्या दिशेनं हात जोडले. तिकडे दिसत नव्हते, तरी जोडले.

मी फोन बंद केला. केदार उठला आणि गेला. नंतर वैभवी ड्रेसिंगला येत राहिली, तो पुन्हा आला नाही. मी त्याला दोष देत नाही असं लोकांना सांगते. देते. खरं सांगायला आला आणि सांगून निघून गेला. ते खरं आम्हाला पुढे घरात ठेवायचं होतं.

बापूनं शब्द पाळला. आधी मला वाटलं थकला असेल, झोपला असेल. संध्याकाळी पाणी हवं होतं तर त्यानं ओठांकडे बोट नेलं. दुसऱ्या दिवशी मी विचारलं, कुठे दुखतंय, त्यानं पोटावर हात ठेवला. वैभवीनं विचारलं, त्यानं पोटावर हात ठेवला. डॉक्टर घरी येऊन तपासून गेले, म्हणाले घशाला काही झालेलं नाही, बोलायला हवं. तांड्यावरून काकाचा फोन आला, कानाला लावून धरला, काका तिकडून हॅलो हॅलो करत राहिला. याडी त्याच्याशी गोरबोलीत बोलायची, हळू, कानाशी, मग रागावून, मग हातापाया पडून. तिला त्याच्या तोंडून तिचं नाव हवं होतं, नर्मदा, एकदाच. त्यानं तिच्या गोंदणावरून हात फिरवला. मराठी नाही, हिंदी नाही, गोरबोली नाही. कुणाशीच नाही म्हणजे कुणाशीच नाही, असं त्यानं ठरवून टाकलं होतं. कमीजास्त बोलण्यात माणूस चुकतो, हे त्याला एकदा कळलं होतं.

मी विक्रमला नाही म्हणून कळवलं. मला तो हवा होता, तरीही. ते मी बापूच्या उशाशी बसून त्याला सांगितलं. म्हटलं, बापू, मी हे लग्न करत नाही. मीच नाही म्हटलंय. आता काही मोडायचं उरलेलं नाही, तू बोल. लमाणी म्हण, राजपूत म्हण, शिव्या दे, काहीही बोल. मी त्याच्यासमोर विक्रमचा नंबर काढून टाकला. त्यानं बघितलं. मग मान हलवली, हसला आणि ओठांवर बोट ठेवलं. त्याला वाटलं, पोरगी रागात आहे, दोन दिवसांनी निवळेल, तोवर आपण सांभाळलं पाहिजे. मी रोज सांगत होते आणि तो रोज ओठांवर बोट ठेवत होता.

शेवटी एका दुपारी त्यानं तोंड उघडलं. याडी मोरीत होती. मी धावत गेले, वाकले, त्याच्या ओठांना कान लावला आणि म्हटलं, बोल बापू, मी ऐकतेय. तो नुसता श्वास होता, शेवटचा.